मटका

मंगळवार, रात्री साडेदहा

आप्पांचं ते वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. पोहे खाता खाता म्हणाले, "अगं, ती ऑस्ट्रेलियाची मॅच ना? मटका लागला होता तो. रोज लागतो का?" मिरची ताटाच्या कडेला सरकवली आणि पेपर उघडला. विषय संपला. विषय म्हणजे टोकियो ऑलिंपिकमधली महिला हॉकीची उपांत्यपूर्व मॅच, आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं ती. मी गप्प. आता राग नेमका कशाचा येतोय, ते बोलले त्याचा, की मी गप्प बसले त्याचा, की ते खरं असेल त्याचा, हे लिहून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

मटका म्हणायला आधार नाही असं नाही, हेच तर दुखणं आहे. ती टीम उपांत्यपूर्व फेरीत पोचली तीच कशी? पहिले तीन सामने गेले. नेदरलँड्स १-५, जर्मनी ०-२, ग्रेट ब्रिटन १-४. मग आयर्लंडवर १-०, तोही नवनीतचा गोल ५७व्या मिनिटाला, म्हणजे घड्याळात तीन मिनिटं उरलेली. दक्षिण आफ्रिकेवर ४-३. वंदनाची हॅटट्रिक सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्याच सामन्यात आपण तीन खाल्लेही होते. आणि एवढं करून गोष्ट आपल्या हातात नव्हतीच. संध्याकाळी ब्रिटनने आयर्लंडला २-० हरवलं म्हणून आपण गटात चौथ्या. आयर्लंड जिंकलं असतं तर गोलफरकावर ते पुढे आणि आपल्या मुली विमानतळावर. इथे मी आप्पांशी भांडणार नाही. हा मटकाच.

पाच सामन्यांत सात गोल केलेले, चौदा खाल्लेले. समोर ऑस्ट्रेलिया: पाचपैकी पाच जिंकलेल्या, तेरा केलेले, एक खाल्लेला. एक! ऑलिंपिकची तीन सुवर्णं घरात, १९८८, १९९६, २०००. रिओचा १-६ तर काढूच नये.

२ ऑगस्ट २०२१, सोमवार. आपल्याकडे सकाळचे साडेआठ, टोकियोत भर दुपारचे बारा. २२व्या मिनिटाला गुरजीतचा गोल, १-०. पुढची ३८ मिनिटं काय झालं ते सांगायला हवं होतं मी आप्पांना. "रोज लागतो का" यावर सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे, आणि तेच सांगायला सगळ्यात अवघड, कारण त्या ३८ मिनिटांत काहीच झालं नाही. म्हणजे काही होऊ दिलं नाही. न झालेली गोष्ट पोह्यांच्या वेळेत कशी सांगायची?

जेवणं झाल्यावर रेकॉर्डिंग लावलं, आवाज बंद करून. वहीत दोन रकाने केले. एकात त्यांचे पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल समोरच्यांना मिळणारी गोलची ठरलेली संधी), एकात आपले. त्यांचे सात. आपला एक. त्यांचा सातातून शून्य, आपला एकातून एक. रकाने समोर आल्यावर आप्पांचंच म्हणणं मी पेनने पक्कं करून ठेवलंय असं वाटलं.

त्यात सात कॉर्नर देणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. कॉर्नर असा उगाच मिळत नाही, डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, आपल्या पायाला चेंडू लागतो किंवा आपण कुणाची स्टिक अडवतो तेव्हा मिळतो. बेसलाइनवरून आत घुसायचं आणि समोरचीचा पाय शोधायचा, हे ठरवून करतात. सात वेळा त्यांना जे हवं ते मिळालं. म्हणजे बचाव भक्कम होता असं म्हणायचं तर सात वेळा तो आधी चुकला होता.

आणि लक्षात कोण राहतं? गुरजीत. राहायलाच हवी. आपल्या गोलकीपर सविताला पेपरवाल्यांनी "भिंत" करून टाकलं, झालं. भिंत काय करते? उभी असते. गोलकीपर उभी राहिली तर संपलंच. कॉर्नरवर पुशरच्या, म्हणजे बेसलाइनवरून चेंडू ढकलून देणारीच्या, हातातून चेंडू सुटतो तेव्हा गोलकीपरला रेषेवरून पुढे यायचं असतं, पण फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढून मारलेला फटका, निघताना पाय थांबलेले हवेत. चालत्या पावलावर फ्लिक आला की वजन चुकीच्या पायावर असतं आणि त्या बाजूला जाताच येत नाही. अडवला तरी काम अर्धंच. पॅडवरून चेंडू मधोमध गेला तर टपून बसलेल्या दोघींना ताटात वाढून दिल्यासारखं, तो कडेलाच जायला हवा. भिंतीला एवढे विचार असतात का? पण सांगते कुणाला. न झालेल्या गोलाचं कुणी रेकॉर्ड ठेवत नाही, न झालेल्या गोलाला नाव नसतं, त्या कामात आयुष्य घालवणाऱ्यांना लोक फार तर दुसऱ्याच्या गोलाच्या फोटोत मागे धूसर पाहतात. असो. हे जरा जास्त होतंय.

वही समोर होती म्हणून गणित करून पाहिलं. वरच्या पातळीवर चार-पाच कॉर्नरमागे एक गोल म्हणजे बरा हिशेब समजतात. पाचात एक धरला. म्हणजे कॉर्नर फुकट जाण्याची शक्यता ०.८. सातच्या सात फुकट जायचे तर ०.८ला सात वेळा घ्यायचं: ०.८, ०.६४, ०.५१, ०.४१, ०.३३, ०.२६, ०.२१. एकवीस टक्के. आपला एकुलता एक लागण्याची वीस टक्के. दोन्ही एकाच सामन्यात घडायचं तर चार टक्के. पंचविसात एकदा.

मटक्यात एकेरी आकडे दहा. लावलेला लागायची शक्यता दहात एक.

म्हणजे आप्पांनी भाव कमीच सांगितला होता! एकटीच हसले. त्यांना सकाळी ठासून सांगायला निघाले असते तर स्वतःच्याच गणिताने तोंडावर आपटले असते.

पण हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं, की प्रत्येक कॉर्नर म्हणजे तेच नाणं उडवणं. तसं नसतं. नाणं उडत असताना एक मुलगी त्याच्या अंगावर धावत असते.

ती धावणारी आज मी नीट पाहिली. गोलरेषेमागे पाचच जणी, सविता धरून. बाकीच्या सहा मध्यरेषेपलीकडे, पहिल्या फटक्यापुरत्या त्या नसल्यातच जमा. कॉर्नर दिला की चाळीस सेकंद मिळतात, त्यात मास्क, गुडघ्याचे पॅड, हातमोजा चढवायचा, कोण कुठे ते दोन शब्दांत ठरवायचं. पुशर गोलपोस्टपासून दहा मीटरवर, बेसलाइनवर. चेंडू डीच्या बाहेर जायलाच हवा, तिथे स्टॉपर तो थांबवते, मग फ्लिकर तो स्टिकला लावून ओढत आत आणते. हे सगळं जेमतेम दीड सेकंदात. तेवढ्यात पहिली रशर, म्हणजे फ्लिकरवर धावून जाणारी आपली मुलगी, सहा-सात मीटर कापते. पुशरच्या हातातून चेंडू सुटायच्या आधी तिचं पाऊल रेषेपुढे पडलं तर तिची रवानगी मध्यरेषेपलीकडे, आणि बदली कुणी मिळत नाही, उरलेल्या चौघींनी निभवायचं. म्हणून लवकर निघता येत नाही. उशिरा निघाली तर फ्लिक निघून गेलेला. दोन्हीच्या मध्ये जी फट आहे ती डोळा मिटण्याएवढी.

आणि धावायचं ते चेंडू अडवायलाच असं नाही. फ्लिकरपुढे गोल असतो ३.६६ मीटर रुंद. रशर जी रेघ धरून धावते ती बाजू झाकली जाते, उरलेली सविताची. दोघींचं ठरलेलं असतं, ही बाजू तुझी, ती माझी. रशर एक पाऊल आत वळली की दोघी एकच बाजू झाकतात आणि दुसरी सताड उघडी. कॉर्नर इथेही खाल्ले जातात. बघणाऱ्याला वाटतं गोलकीपर चुकली.

मग तो नियम, जो बाहेरच्यांना सांगितला की खोटा वाटतो. पहिल्या फटक्याला पाच मीटरच्या आत असलेल्या रशरला चेंडू गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर. गुडघ्याला किंवा त्याच्या वर लागला तर तो धोकादायक फटका, फ्री हिट आपल्याला. म्हणजे नडगीवर बसला तर मार खाऊन वर शिक्षा, मांडीवर बसला तर सुटका. हे ठाऊक असून ती सरळ धावते. मास्क असतो, पण मांडीला मास्क नसतो.

यामुळे पाचात एक हा आकडा बदलतो. रशर वेळेवर पोचली की फ्लिकर ओढ अर्धवट सोडते. पूर्ण ओढीत चेंडू मागच्या पायाच्याही मागून उचलून पुढच्या पायाच्या पुढे सोडायचा असतो, तेवढ्या अंतरातच त्याला वेग येतो. हातभर ओढ कमी झाली की वेगही गेला. स्टॉपरच्या स्टिकखालून चेंडू वीतभर जरी सरकला तरी तेच. त्यात रशर जवळ दिसू लागली की स्टॉपरचे हातही ताठरतात. एकदा, दोनदा, तीनदा अडवल्यावर समोरच्या सरळ फ्लिक सोडून फिरवाफिरवी करू लागतात, आणि फिरवाफिरवीत एक पास वाढतो, म्हणजे बिघडायला एक जागा वाढते.

आपला तो एक कॉर्नर मात्र साधा होता. फिरवाफिरवी नाही, सजावट नाही. गुरजीतचा फ्लिक फार वर उठलाच नाही, खालून गेला. गोलकीपरला खालचा चेंडू सगळ्यात उशिरा सापडतो, उभ्या अंगाला जमिनीपर्यंत जायला वेळ लागतो, आणि रेचल लिंच काही साधी गोलकीपर नव्हती. हे वाचून कुणी म्हणेल, गुरजीतला वर मारायचा होता आणि खाली गेला. असेल. ते गुरजीतलाच ठाऊक.

इथपर्यंत लिहून बरं वाटायला लागलं होतं. पण मग दोन दिवसांनंतरची उपांत्य फेरीतली अर्जेंटिना आठवली. तीच सविता, तोच बचाव. गुरजीतने दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नरवर गोल केलेला, म्हणजे सुरुवात ऑस्ट्रेलियापेक्षाही चांगली. आणि त्यांच्या नोएल बारिओनुएव्होने कॉर्नरवर दोन गोल घातले, १८व्या आणि ३६व्या मिनिटाला. १-२. ब्राँझच्या सामन्यात ०-२वरून ३-२ केलं, मग ब्रिटनने बरोबरी केली, आणि ४८व्या मिनिटाला त्यांचा कॉर्नर आत. ३-४. धावणारी तशीच धावत होती. मग सोमवारी ते कसब होतं आणि बुधवारी, शुक्रवारी नव्हतं, असं म्हणायचं का? की तिन्ही दिवशी कसब तेवढंच होतं आणि आकडा एकदाच लागला?

 

पुन्हा सात उभ्या रेघांकडे बघत बसले. पाचात एक ऐवजी दहात एक धरलं, धावणारीच्या नावाने, तर सातही फुकट जाण्याची शक्यता ०.४८ येते. निम्मी. म्हणजे तिने एकवीस टक्क्यांवरून निम्म्यावर आणलं. पण पाचाचं दहा मी माझ्या मनाने केलं, हेही आहेच. कुणी विचारलं, दहाच का, बारा का नाही, तर माझ्याकडे उत्तर नाही. आवडती मुलगी असली की पेपर तपासताना हात सैल सुटतो, तसलाच प्रकार.

आणि निम्मी धरली तरी गुरजीतच्या वीस टक्क्यांशी गुणल्यावर दहाच टक्के राहतात. दहात एक.

बरोबर मटक्याचाच भाव.

हे उद्या आप्पांना दाखवलं तर चष्मा लावून पानभर वाचतील आणि म्हणतील, मग मी वेगळं काय म्हणालो? दाखवणार नाही. पोह्यांत मिरच्या तेवढ्या जास्त घालीन.