नाव झाकून

गुरुवार, रात्री साडेदहा

आज भाच्याशी चांगलीच जुंपली. धरणगावहून आला तो हातात फ्रेम घेऊनच. ‘आंतरराष्ट्रीय काव्यस्पर्धा, विशेष सन्मान.’ सोनेरी महिरप, दोन सह्या, खाली पृथ्वीचा गोल, आणि आडनावातली वेलांटी चुकलेली. फी चारशे नव्व्याण्णव. कविता छापलेला संग्रह हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. निकाल कधी लागला विचारलं तर म्हणे, "आत्या, पैसे भरले त्याच संध्याकाळी." म्हणजे परीक्षकांनी वाचली कधी?

हा धंदा काही आजचा नाही. अमेरिकेत असाच जोरात चालायचा. कविता पाठवेल तो उपांत्य फेरीत, आणि मग जाडजूड संग्रह त्याच्याच गळ्यात. लोकांनी चिडून मुद्दाम भिकार कविता पाठवल्या, तर त्याही निवडल्या गेल्या! त्यातूनच पुढे ‘वर्गल फ्लॉम्प’ नावाची विनोदी कवितांची खरीखुरी स्पर्धा निघाली, तीही बिनफीची. पोरगा हसला, पण फ्रेम काही पिशवीत घातली नाही.

मग खऱ्या स्पर्धांचं सांगत बसले. ब्रिटनच्या पोएट्री सोसायटीची नॅशनल पोएट्री कॉम्पिटिशन १९७८ पासून चालू आहे. नाव नॅशनल, पण कविता जगातून कुणीही पाठवावी. चाळीस ओळींच्या आत, इंग्रजीत, आणि कवितेच्या पानावर कवीचं नाव नको. पहिलं बक्षीस पाच हजार पौंड. फी तिथेही आहेच, आपल्याकडच्या कापूस वेचणीच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी. स्वस्त नाही. पण त्या पैशात निदान कुणीतरी कविता वाचतं.

नाव झाकण्याची अट मला बक्षिसाहून मोलाची वाटते. आमच्या अमळनेर भागातल्या कविसंमेलनांत मी तोंड उघडायच्या आधीच वाहवा तयार असते. बाई शाळेतल्या, निम्मे श्रोते त्यांचे विद्यार्थी, उरलेले कवी आपापल्या पाळीची वाट बघत बसलेले. मी त्यांना टाळ्या द्यायच्या, त्यांनी मला. मागे एकदा माइक बंद पडला होता, मागच्या रांगांना एक शब्द ऐकू गेला नाही, तरी शेवटी ‘वा बाई, वा’ आलंच. माझ्या कवितेत कुठे पाणी घातलंय हे मला कोण सांगणार? लांबच्या परक्या माणसाला माझी भीड नसते. तो तिसऱ्या ओळीला कंटाळला की पान बाजूला ठेवतो. मला तसा वाचक हवा आहे.

भाचा वाद घालण्यात बापावर गेलाय. "मग बालकवींचं काय? जळगावला तर सगळे समोरासमोर होते." धरणगावचा ना, बालकवी त्यांचेच! १९०७ च्या त्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरेनं कविता म्हटली आणि डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पण त्या पोराला तिथे ओळखत कोण होतं? बिननावाचाच गेला आणि नाव घेऊन आला. माझंच म्हणणं झालं की हे. यावर तो गप्प.

एक गोष्ट मात्र मलाही खुपते. या मोठ्या स्पर्धांची दारं बहुतेक इंग्रजीलाच उघडी. अरुण कोलटकरांना १९७७ चं कॉमनवेल्थ काव्य पारितोषिक मिळालं ते इंग्रजी ‘जेजुरी’साठी. त्याच हाताच्या मराठी कविता तिकडे वाचणार कोण होतं? ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार २००५ साली मिळाला, तोवर कोलटकर गेलेले होते. मी मराठीतच लिहिते, तेव्हा माझ्यापुरता विषय मिटला. शेजारच्या काकू ओट्यावरून विचारतात, "काय लिखी ऱ्हायनी वं माय?" तेवढंच माझं परीक्षक मंडळ.

भाचा इंग्रजी घेऊन बी.ए. करतोय, इंग्रजीत लिहितो. वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेवरची त्याची कविता चांगली आहे. लोंबणारे हिरवे घड, आणि नुकसानीचा पंचनामा करणाऱ्या माणसाच्या बुटाला लागलेला केळीचा चीक. तो चीक बघितलेल्यालाच सुचतो. पण कविता पंचावन्न ओळींची. पंधरा काढ म्हटलं तर म्हणतो, एकही निघत नाही. शेवटच्या बारा तर मीच डोळे झाकून काढीन, सगळं समजावून सांगत बसलाय तिथे. त्याला रविवारपर्यंत मुदत दिली आहे.