उजवीकडची खिडकी

फोनवर फोटो काढायला मुंबई-पुण्याकडच्यांनी दिलेल्या ‘सोनेरी उजेडाच्या’, म्हणजे सूर्य खाली असतानाच्या मऊ उजेडाच्या, वेळा नागपुरात कामाच्या नाहीत. आपण मुंबईच्या 6 अंश पूर्वेला, त्यामुळे सूर्य साधारण 25 मिनिटं आधीच उगवतो नि मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास फुटाळा तलावावर तो बुडतो, तेव्हा मिहानमधल्या (शहराच्या दक्षिणेकडच्या कंपन्यांच्या भागातल्या) माणसाचा ऑफिसचा अर्धा कॉल बाकी असतो. म्हणून हिवाळ्यात सकाळच धरायची, पावणेसात ते साडेआठ. मेमध्ये संध्याकाळचे सव्वासहा ते पावणेसात मिळतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, दुपारी मात्र फोन खिशातच बरा: सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात आणि फोन तापून आधी स्क्रीन मंद करतो, मग कॅमेराच बंद करतो. गार व्हावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारे महाभागही आहेत. आत पाणी धरतं, तसं करू नका.

खापरीकडे मेट्रोने जाणाऱ्यांसाठी एक सोपा हिशोब. सीताबर्डीहून सकाळी दक्षिणेला जाताना उजवी खिडकी पश्चिमेला असते. सूर्य पाठीशी, समोरच्या इमारतींवर उजेड. संध्याकाळी परत येताना दिशा फिरते नि सूर्यही, म्हणून पुन्हा उजवीच. डावीकडे बसलात तर दोन्ही वेळा समोर ऊन नि काचेवरची धूळ.

लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. पूर्ण दाबू नका, गाडीची थरथर फोनमध्ये उतरते. ताशी 60 किमीच्या वेगात, कॅमेऱ्याचं शटर 1/50 सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात गाडी 33 सेंटिमीटर पुढे सरकते. जवळचं सगळं फरफटणारच. प्रो मोडमध्ये, म्हणजे शटरचा वेळ हाताने ठरवता येतो त्या सेटिंगमध्ये, 1/1000 ठेवलं की हेच अंतर पावणेदोन सेंटिमीटरवर येतं. तरीही जवळचे खांब तिरके येतील. तो हात हलल्याचा दोष नाही; सेन्सर चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात खांब मागे गेलेला असतो. शटरचा वेग कितीही वाढवा, हे जात नाही. स्टेशन जवळ येऊन गाडी मंदावली की फोटो घ्या, किंवा लांबचं काही टिपा.

तर्री पोह्याचा फोटो बहुतेकांचा बिघडतो तो ठेल्यावरच्या निळ्या ताडपत्रीमुळे. वरून निळा उजेड, बाजूने पिवळा बल्ब. पोहे हिरवट नि तर्री तपकिरी दिसते. प्लेट उचलून ताडपत्रीबाहेर दोन पावलं या, बस. उजेड बाजूने किंवा किंचित मागून हवा, तेव्हा तेलाचा लाल तवंग चमकतो, चणे सुटे दिसतात, आणि मागे गडद काही असेल तर वाफही येते. चमक पांढरी फुटू नये म्हणून तर्रीवर बोट दाबून फोकस लॉक करा नि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरका. शेव नरम पडलेली फोटोत लगेच कळते.

ऑफिसच्या किंवा दुकानाच्या काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडव्या पट्ट्या आल्या तर शटर 1/100 किंवा 1/50 करा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं; प्रत्येकात असे दिवे दोनदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात.

जुलैत एसीतून बाहेर पडल्या पडल्या फोटो धुकट येतो. गार काचेवर दमट हवेतली वाफ बसते. मेमध्ये हवा कोरडी असल्याने असं होत नाही. जुलैत पुसलं तरी वाफ पुन्हा बसते, वर बोटांचं तेल पसरतं ते वेगळंच. निघण्याआधीच फोन बॅगेत चेन लावून ठेवा, बाहेर आल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या.

डेस्कवरच्या चहाचा फोटो टाकताना मागचा मॉनिटर नि गळ्यातलं कार्ड बघा. फोनमधल्या एडिटच्या काळ्या मार्करने झाकलं तर पुरतं, असं समजू नका: काही मार्कर अर्धपारदर्शक असतात, उजेड वाढवला की खालची अक्षरं वाचता येतात. ती बाजू सरळ कापून टाका.