पहिली तुकडी

दिवाळी सरली की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी-भूम भागातली गावं ओस पडायची. मुकादमाकडून ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयते आणि संसार ट्रॅक्टरमध्ये भरून साखर कारखान्यांकडे निघत. वर्गातल्या मुलीही सोबत जात, भाकरी थापायला, धाकटी भावंडं सांभाळायला. काहींचं तर परतल्यावर शाळेऐवजी लग्नच!

खो-खोमुळे त्यातल्या काही जणी गावात राहिल्या. संघाला बारा जणी लागतात आणि स्पर्धा नेमक्या दिवाळीच्या मागंपुढं. सरांनी पालकांकडे स्वतः न जाता आमच्या कर्णधाराला धाडलं. आठवीतली पोर, तीही कोयत्याच्याच घरातली.

"काका, हिला आज्जीपाशी ठेवा. दुपारी शाळेत खिचडी मिळती, सांजच्याला मी घरी सोडीन."

"अन् धाकट्याला कोण बघंल?"

"त्यालाबी ठेवा. ग्राउंडवर बसंल."

तो खरंच बसला, आमची दप्तरं राखत.

सामना सुरू झाला की सर गप्प. संरक्षणाला पहिल्या तुकडीत कुठल्या तिघी उतरवायच्या, हे कर्णधारानंच ठरवायचं. समोरच्या ताज्या दमाच्या असताना पहिल्या तिघी लवकर बाद झाल्या, तर पुढच्यांचं अवसानच जातं. एकदा तिनं नवख्या, घाबरट मुलीला स्वतःसोबत उतरवलं. "खांब सोडू नको, बाकीचं मी बघते," एवढंच म्हणाली. हरलो तो सामना. पण त्या मुलीला पुढं कुणी घाबरट म्हटलं नाही.

२०१२-१३च्या दुष्काळात मैदानावर मारायला पाणी कुठलं? जमीन दगडासारखी, म्हणून सरावात सूर मारायला बंदी. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्यातली एकही तिथवर पोचली नाही. खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे भाषणांत सांगायला ठीक. आमच्या आईबापांना पटली ती दारात उभी राहिलेली कर्णधार.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वाराला कमान होणार, असं कानावर आलंय. माझी वर्गणी मी देतेच आहे, पण आधी दिवाळी ते गुढीपाडवा मुलींच्या राहण्याजेवणाची सोय करा. कमान पुढच्या वर्षी बांधू.