म्युन्स्टरटालचं गेस्ट कार्ड आणि अण्णांचा वाया गेलेला शनिवार

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम केला की बस-ट्रेनसाठी गेस्ट कार्ड मिळतं, त्याबद्दल सगळ्यात आधी हे सांगते, मुक्कामाच्या घराचा ऑनलाइन चेक-इनचा फॉर्म भरताना देश आधी निवडा. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं त्यानंतर. हे मला कोणी सांगितलं असतं तर आमचा एक अख्खा दिवस वाचला असता. म्हणून लिहितेय, कारण आता उन्हाळ्यात बऱ्याच जणांचे आईवडील इकडे येतील आणि ब्लॅक फॉरेस्टला जायचं ठरेलच.

मी स्टुटगार्टला असते. आई आणि अण्णा यंदा पहिल्यांदा आले. व्हिसा, इन्शुरन्स, विमान, सगळं नीट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अण्णा वाईचे, आणि त्यांची उमेदीची सगळी वर्षं महाबळेश्वरच्या बाजूला मधाच्या पेट्यांमध्ये गेली. मांघर गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हा त्यांनी मला तीनदा फोन केला होता. तर मी त्यांना विचारलं की अण्णा जर्मनीत काय बघायचंय, तर ते म्हणाले मला काय कळतंय, तू नेशील तिथं येतो. मग मीच शोधलं आणि म्युन्स्टरटाल सापडलं. फ्रायबुर्गच्या दक्षिणेला बेल्शेन डोंगराच्या पायथ्याशी एक दरी आहे, नॉयमागेन नावाची छोटी नदी, वस्ती साधारण पाच हजार, तीसुद्धा एका जागी नाही, दरीभर विखुरलेली, वाड्यावस्त्यांसारखी. पूर्वी उंटरम्युन्स्टरटाल आणि ओबरम्युन्स्टरटाल अशी दोन गावं होती ती एक केली. आणि वरच्या भागात जुन्या राटहाउसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत जुन्या ग्रामपंचायतीच्या इमारतीत, मधमाश्यांचं म्युझियम आहे. हे सांगितल्यावर अण्णा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आईला म्हणाले, मधाचं म्युझियम आहे म्हणे. तेव्हाच ठरवलं की जायचंच.

ते म्युझियम रोज उघडं नसतं, आठवड्यातले ठराविक दिवस आणि तेही दुपारचं, त्यामुळे जाण्याआधी वेळ बघा आणि त्याप्रमाणे मुक्काम ठरवा. आम्ही शुक्रवार ते मंगळवार ठरवला होता, शनिवारी दुपारी म्युझियम असा बेत.

आता कार्डाचं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या बऱ्याच गावांत मुक्काम केला की कोनुस नावाचं गेस्ट कार्ड मिळतं. त्यावर त्या भागातल्या बस आणि लोकल ट्रेन फुकट. म्हणजे अगदी फुकट नाही, आपण दर रात्री दर माणशी कुर्टाक्से भरतो, पर्यटन कर म्हणा, त्यातूनच ते दिलं जातं. हे कार्ड आपण दुकानातून विकत घेऊ शकत नाही. जिथे उतरलो त्या घरमालकाने किंवा हॉटेलने आपली नोंद केली की मगच ते तयार होतं. ही नोंद म्हणजे मेल्डेशाइन. २०२५ पासून जर्मन नागरिकांना हॉटेलात हा फॉर्म भरण्याची सक्ती राहिली नाही पण परदेशी नागरिकांना आहे, पासपोर्ट नंबरसकट. आपण इथे दहा वर्षं राहत असू तरी भारतीय पासपोर्ट असेल तर आपणही त्यातच आलो.

माझ्याकडे डॉइचलांडटिकट आहे, म्हणजे देशभरच्या लोकल ट्रेन-बसचा महिन्याचा पास, त्यामुळे मला कार्डाची गरज नव्हती, प्रश्न आईअण्णांचा होता. कुर्टाक्से मी बुकिंगबरोबरच भरला होता, तिघांचा, चारही रात्रींचा. ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे माझं डोकं फिरलं ते ह्याच्यामुळेच.

गुरुवारी रात्री घरमालकाकडून लिंक आली की चेक-इन भरा, कार्ड मोबाईलवर येईल. मी बॅगा भरता भरता फोनवरच भरायला घेतलं. पत्त्याच्या रकान्यात वाईचा पिनकोड टाकला तर घेईना, लाल अक्षरात चुकीचा पिनकोड. परत टाकला, परत तेच. चार वेळा झाल्यावर लक्षात आलं की जर्मनीचा पिनकोड पाच आकडी आणि आपला सहा आकडी. फॉर्ममध्ये देश आधीपासून जर्मनी भरलेला होता आणि तो रकाना पार खाली, पिनकोडच्याही नंतर. मी खाली जाऊन देश भारत केला तर पूर्ण पान कोरं झालं, सगळी नावं गेली, तारखा गेल्या. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सकाळी लवकर निघायचं, मी वैतागले आणि सरळ माझा स्टुटगार्टचा पत्ता तिघांसाठी टाकला, देश जर्मनी तसाच ठेवला आणि पाठवून दिलं. फॉर्म लगेच गेला. हिरवी खूण आली. मी निवांत झोपले.

चूक तिथे झाली. देश जर्मनी ठेवल्यामुळे फॉर्मने पासपोर्ट नंबर विचारलाच नाही. नागरिकत्व मात्र मी भारतीय लिहिलं होतं. म्हणजे परदेशी पाहुणे आणि पासपोर्ट नंबर नाही, नोंद अर्धवट. तिकडे सिस्टीममध्ये ती अडकून पडली आणि कार्ड काही तयार झालं नाही. पण हे मला कोणी कळवलंच नाही. मला फक्त हिरवी खूण दिसत होती.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. फ्रायबुर्गहून बाड क्रोत्सिंगेन आणि तिथून छोटी ट्रेन थेट दरीत, विजेवर चालणारी, मस्त स्वच्छ. पोचेपर्यंतचं तिकीट आपलं आपल्यालाच काढावं लागतं हो, कार्ड मुक्कामाच्या ठिकाणीच मिळतं. घरमालक दुसऱ्या गावी राहणारे, चावी कोड टाकून डब्यातून घ्यायची. घर छान होतं. खिडकीतून समोर गवताचा उतार आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा. आईला फार आवडलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी मेल बघितला, कार्ड नाही. मेसेज केला. नऊला परत केला. साडेनऊला फोन, उचलला नाही. दहाला परत फोन. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून, बाहेर बाकावर बसलेले. आई म्हणाली अगं तिकीट काढून जाऊया की, किती पैसे लागतात असे. आणि मी म्हणाले, पैसे भरलेत आपण आई, परत का भरायचे. हे मी बोलले. आज लिहितानाही वाईट वाटतं. बसचं दोन माणसांचं तिकीट, इथल्या पगारात त्याचं काही नाही, पण मला तेव्हा असं झालं होतं की ह्या लोकांनी आपले पैसे घेतलेत आणि फोन उचलत नाहीत, मी का माघार घ्यायची. शनिवारी दरीत वर जाणाऱ्या बस आधीच कमी. एक सोडली, मग दुसरी सोडली. मध्ये मी तो फॉर्म परत उघडायचा प्रयत्न केला तर एकदा पाठवला की उघडत नाही. बुकिंगवाल्यांच्या कस्टमर केअरला चाळीस मिनिटं धरून बसले, शेवटी ते म्हणाले कार्ड आमच्याकडे नसतं, घरमालकाशी बोला. हे मला माहीतच होतं. दुपारचे तीन वाजले. तोवर अण्णा टोपी काढून आत येऊन झोपले होते.

त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. उठल्यावर म्हणाले, उद्या जाऊ, पळून जातंय का ते.

संध्याकाळी चालत सांक्ट ट्रुडपर्टला गेलो, मठाचं चर्च, दरीत लांबूनही दिसतं. सातव्या शतकात ट्रुडपर्ट नावाचा आयरिश साधू इथे जंगल तोडून राहायला आला आणि मदतीला दिलेल्या मजुरानेच त्याला झोपेत मारलं अशी कथा आहे. तिथे पुढे बेनेडिक्टाइन मठ झाला, तो १८०६ मध्ये बंद झाला, आताचं चर्च अठराव्या शतकातलं, पीटर थुंब नावाच्या वास्तुकाराने बांधलेलं. आई बराच वेळ आत बसली. माझं लक्ष फोनवर. हेही करू नका.

रविवारी दुपारी दीडला घरमालकाचा मेसेज आला. माफी मागितली, घरात कार्यक्रम होता म्हणे, आणि लिहिलं की पासपोर्ट नंबर नाहीत. मी दोन्ही पासपोर्टचे नंबर आणि वाईचा पत्ता नीट टाइप करून पाठवला आणि खरं सांगते, सात मिनिटांत दोन्ही कार्डं मोबाईलवर आली. सात मिनिटं! तीन दिवसांची अडचण सात मिनिटांत सुटणारी होती. मला इतकं हलकं वाटलं आणि त्याच वेळी इतका राग आला की मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

तर फॉर्मबद्दल, जसं आठवतं तसं लिहिते. देश आधी, हे सांगितलंच. आईवडिलांचा पत्ता भारतातलाच द्या, आपला जर्मनीतला नको. नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, आपल्याकडे नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं ते सगळं टाकायचं, आडनाव वेगळं. फोनवर भरू नका, लॅपटॉपवर भरा. हिरवी खूण म्हणजे कार्ड नव्हे, कार्ड म्हणजे नाव आणि तारखा असलेलं कार्डच, ते हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका. बुकिंग करतानाच घरमालकाला विचारा की कार्ड कागदी आहे का मोबाईलवर, आणि शनिवार-रविवारी अडचण आली तर कोणाला फोन करायचा. आणि नाहीच आलं तर तिकीट काढा आणि जा. प्लीज.

अजून एक, रविवारी दुकानं बंद असतात हे आपल्याला पाठ असतं पण गावात ते जास्त जाणवतं, शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा. मी आणलं होतं पीठ-तांदूळ त्यामुळे निभावलं.

रविवारी अडीचची बस पकडली. ड्रायव्हरला कार्ड दाखवलं, त्याने मान हलवली, बस इतकंच. म्युझियममध्ये अण्णा दोन तास होते. पाट्या जर्मन, मी फोनवर भाषांतर करून वाचत होते पण त्यांना फारशी गरज पडली नाही. गवताच्या विणलेल्या टोपल्या होत्या, पूर्वी त्यातच माश्या पाळायचे. अण्णा आईला समजावत होते की ह्यातून मध काढायचा तर पोळं कापावं लागतं, पुष्कळदा गंधकाच्या धुराने सगळ्या माश्या मारूनच मध काढायचे, म्हणून तर चौकटीची पेटी आली तेव्हा माशी वाचली. आपल्याकडे सातेरी माशी पेटीत राहते, आग्या राहत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे पण ते इथे त्या जुन्या इमारतीत उभं राहून परत ऐकताना गळा दाटून आला. इथली माशी आपल्या सातेरीपेक्षा मोठी. आणि इथल्या सूचीपर्णी झाडांचा मध फुलांचा नसतोच, झाडावर मावा नावाची बारीक कीड असते तिच्यातून जो गोड द्रव येतो तो माश्या गोळा करतात. काळपट, दाट मध. अण्णांनी हे माझ्याकडून तीनदा विचारून घेतलं. फुलाशिवाय मध? मग एक बाटली घेतली.

बाकी भराभर सांगते. टॉयफेल्सग्रुंड नावाची जुनी खाण आहे, १९५८ पर्यंत तिथे फ्लोराइट काढायचे, त्याआधी मध्ययुगात ह्या दरीत चांदी निघायची आणि त्याच्यावर इथे म्युन्स्टर नावाचं भरलेलं शहर होतं, ते चौदाव्या शतकात फ्रायबुर्गच्या लोकांनी पाडलं. खाणीत आत थंडी असते, स्वेटर न्या, आई शाल घेऊन गेली ते बरं झालं. सोमवारी बस बदलत मुल्टेनला गेलो, तिथून बेल्शेनची केबल कार, तिचं तिकीट मात्र काढलं. वरचा रस्ता गाड्यांना बंद आहे, २००१ पासून केबल कारच. डोंगर १४१४ मीटर, माथ्यावर झाडं नाहीत, नुसतं गवत आणि वारा, पलीकडे ऱ्हाइनचं खोरं आणि फ्रान्समधले वोज डोंगर दिसले. आल्प्स त्या दिवशी दिसले नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर पोचल्यावर सगळी फेरी मारायचा हट्ट धरू नये, आई बाकावर बसली आणि तिला तेवढंच पुरलं.

कार्ड निघायच्या दिवशीही चालतं, हे मला उशिरा कळलं. म्हणून मंगळवारी सामान घेऊन आधी वाटेवरच्या श्टाउफेन गावात उतरलो. तिथे २००७ मध्ये जमिनीतली उष्णता मिळवायला खोल भोकं पाडली, खालच्या थरात पाणी शिरलं, तो थर फुगत गेला आणि अडीचशेच्या वर घरांना तडे गेले. भिंतींवरच्या चिरा अजून दिसतात. अण्णा प्रत्येक चिरेवरून बोट फिरवत होते. फक्त आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत हे कार्ड चालत नाही, लोकल ट्रेनमध्येच, ते बघून चढा.

मधाची बाटली वाईला पोचली. परवा अण्णांचा फोन होता, त्यांनी मांघरच्या ओळखीच्या माणसाला ती चाखायला दिली आणि विचारलं, सांग कुठल्या फुलाचा.