आमची वाटचाल : एका वहीतून उभा राहिलेला धंदा

आमच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिचे कोपरे तेलाने काळे पडलेत, पहिली चार पानं निखळलीत, आणि पहिल्या ओळीत पेन्सिलीने एकच आकडा लिहिलाय : ६२०३. दुकानावर पाटी लागली ती त्यानंतर बऱ्याच काळाने, पण मोटारसायकलींचे पर्यायी सुटे भाग शोधून देण्याचा आमचा धंदा सुरू झाला तो त्या आकड्यापासून, असंच मी धरून चालतो.

तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये कामाला होतो. एक गिऱ्हाईक जुनी मोटारसायकल ढकलत घेऊन आलं. मागचं चाक हाताने हलवलं तरी डोलत होतं, बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी, पार गेलं होतं. वितरकाला भाग क्रमांक सांगितला, तर उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालंय, भाग मागवावा लागेल आणि कधी येईल ते सांगता येणार नाही. त्या माणसाचं पोट त्या गाडीवर होतं. एक दिवस गाडी उभी राहिली तर एक दिवसाची कमाई बुडणार होती. आमच्या उस्तादांनी जुनं बेअरिंग काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसून उजेडात धरलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "डबीवरचं नाव विसर. कडेवर काय कोरलंय ते वाच."

कडेवर ६२०३ कोरलेलं होतं. मी गाड्यांच्या दुकानात न जाता पंप आणि विजेच्या मोटारींची बेअरिंग ठेवणाऱ्याकडे गेलो. त्याने गाडीचं नाव विचारलंच नाही. आकडा ऐकला, मागे वळला आणि डबी समोर ठेवली. संध्याकाळी गाडी रस्त्यावर होती. गिऱ्हाइकाला जो खर्च आला, तो ऐकून त्याने मला दोनदा विचारलं, की भाग नवाच आहे ना?

त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं, आणि भाग मात्र पलीकडच्या गल्लीत पडून होता. ही टोचणी होती, आणि आजही आहे.

मग मी शिकायला लागलो. ६२०३ म्हणजे आतला व्यास १७ मिमी, बाहेरचा ४०, रुंदी १२. जगात कुठल्याही कारखान्यात बनलेलं असो, माप हेच, कारण ही मापं आयएसओ १५ या मानकाने बांधलेली आहेत. शेवटच्या दोन आकड्यांत आतला व्यास असतो : ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. ६२०४ चा आतला व्यास २०, ६२०५ चा २५. गाडी बनवणारी कंपनी सहसा स्वतः बेअरिंग बनवत नाही. ती बेअरिंगच्या कारखान्याकडून घेते, आपल्या डबीत घालते आणि आपला क्रमांक देते. त्या डबीचे, साठवणुकीचे आणि वितरणाचे पैसे गिऱ्हाईक भरतं. त्यात गैर काही नाही, पण भरायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे.

सगळ्यात मोठा शोध मात्र माझ्या धाकट्या भावाने लावला. तो तेव्हा शिकत होता आणि संध्याकाळी माझ्याबरोबर भागांच्या याद्या चाळत बसायचा. एकदा मला म्हणाला, "दादा, हा क्रमांक नीट बघ, बेअरिंगचा आकडा यातच आहे." होंडाच्या यादीत ९६१०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकात पुढे ६२०३ दिसत होता. सुझुकीच्या ०८११० नंतर ६२०२. कावासाकीच्या ६०१बी नंतर पुन्हा तसाच आकडा. कंपनीने काही लपवलेलं नव्हतं, उघड लिहून ठेवलं होतं, वाचणारा हवा होता. त्या रात्री आम्ही दोघांनी वहीची नऊ पानं भरली. डावीकडे कंपनीचा क्रमांक, मधे माप, उजवीकडे बाजारात मिळणारा आकडा. आजही आमच्या संगणकातल्या यादीची मांडणी अगदी तीच आहे.

पुढे आम्ही स्वतःचा गाळा घेतला. मी, भाऊ, बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर आणि ती वही. गिऱ्हाईक जुना भाग घेऊन यायचं, आम्ही मोजायचो, शोधायचो, द्यायचो. पहिलं वर्ष फार आनंदात गेलं.

मग एक इंजिन बिघडलं, आणि ते आमच्यामुळे बिघडलं. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं बेअरिंग होतं. आकडा जुळला, माप जुळलं, आम्ही दिलं. जुन्या बेअरिंगवर आकड्यापुढे सी३ लिहिलेलं होतं, आणि आम्ही दिलेल्यावर काहीच नव्हतं. सी३ म्हणजे आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. इंजिनात बेअरिंग घट्ट ठोकून बसवतात, वर ते तापतं, आतली कडी फुगते आणि ती मोकळीक खाऊन टाकते. मोकळीक आधीच कमी असेल तर गोळे आवळले जातात. ते इंजिन थोड्याच दिवसांत आवाज करू लागलं आणि खोलावं लागलं. सगळा खर्च आम्ही सोसला. त्या गिऱ्हाइकासमोर उभं राहून चूक आमची आहे हे सांगताना जी लाज वाटली, ती मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी वहीत चौथा रकाना आखला : आकड्यापुढची अक्षरं.

त्या रकान्याने आम्हाला खरा धंदा शिकवला. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेल्या बेअरिंगला बरेच जण टूआरएस म्हणतात, तेच एनएसके या बेअरिंगच्या कंपनीकडे डीडीयू आणि एनटीएन या दुसरीकडे एलएलयू होतं. पत्र्याची झाकणं असलेलं झेडझेड. चाकाला चिखलपाणी लागतं, तिथे रबरी सीलच हवं. पत्र्याच्या झाकणातून पाणी आत जातं. गिअरबॉक्समध्ये तेल फिरत असतं, तिथे उघडं बेअरिंगच बरं. म्हणजे एकाच ६२०३ चे आमच्याकडे आज वेगवेगळे कप्पे आहेत, आणि एका कप्प्यातलं दुसऱ्याच्या जागी आम्ही देत नाही.

ऑइल सीलचं, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीचं प्रकरण याहून अवघड निघालं. वर मापं छापलेली असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. वाटतं, तीन आकडे जुळले की झालं. पण रबर कुठलं ते महत्त्वाचं. साधं नायट्राइल रबर शंभर अंशांच्या आसपासपर्यंत चांगलं टिकतं. सतत त्याहून जास्त तापणाऱ्या जागी ते कडक होतं, दांड्याला टेकणारी तिची कड, म्हणजे ओठ, चिरतो आणि तेल गळायला लागतं. अशा ठिकाणी फ्लुओरो रबर लागतं, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात. ते दोनशे अंशांच्या घरातही तग धरतं. शिवाय काही सीलच्या ओठावर आतून तिरप्या बारीक रेषा असतात. शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने तेल परत आत लोटण्यासाठी त्या असतात. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण उलटा असलेलं सील बसवलं तर तेच सील तेल बाहेर काढतं. माप अगदी बरोबर, आणि तरी गळती! हे कळायला आम्हाला तीन गाड्या पुन्हा खोलाव्या लागल्या.

स्पार्क प्लगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच सगळ्यात बेफिकीर असतात. एनजीके या प्लगच्या कंपनीचे सी७एचएसए आणि सीआर८ई घ्या, दोन्हींचे आटे १० मिमीचे. हाताने फिरवला तर दोन्ही एकाच भोकात जातात. पण पहिल्याच्या आट्यांची लांबी १२.७ मिमी आहे आणि दुसऱ्याची १९. आखूड प्लगच्या जागी लांब प्लग लावला तर तो आत सहा मिमी पुढे येतो आणि पिस्टन वर आला की त्यावर आपटू शकतो. दुसरी गोष्ट उष्णतेच्या आकड्याची. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो. डेन्सो या दुसऱ्या कंपनीचंही तसंच, फक्त मोजपट्टी वेगळी : एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२, ८ म्हणजे २४. बॉशच्या पद्धतीत मात्र हे उलटं आहे, तिथे आकडा वाढला की प्लग गरम. "आठ नंबरचा द्या" म्हणून कुणी आलं, तर आम्ही आधी विचारतो, कोणाचा आठ? पाहिजे त्याहून गरम प्लग इंजिनात स्वतःच आग धरतो आणि पिस्टन जाळू शकतो. थंड असेल तर काजळी धरते.

चेनचं त्यामानाने सोपं आहे. पट्टीवर ४२८ किंवा ५२० असा आकडा असतो. ४२८ च्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी. ५२०, ५२५ आणि ५३० या तिघींचं अंतर एकच, १५.८७५ मिमी, फरक रुंदीत. आकडा, कड्यांची संख्या आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे दात सांगा, गाडीचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.

नट-बोल्टकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, म्हणून मीच मुद्दाम देतो. मोटारसायकलीत १० मिमीचे बोल्ट बहुतेक वेळा १.२५ च्या आट्यांचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.२५ मिमी अंतर असलेले असतात आणि सामान्य हार्डवेअरमध्ये १० मिमीला १.५ मिळतो. दोन फेरे जातो, मग जड लागतो, माणूस पान्याने जोर लावतो आणि ॲल्युमिनियममधले आटे मारले जातात. डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडाही बघावा लागतो. दिसायला सारखा म्हणून बिनआकड्याचा बोल्ट ब्रेक कॅलिपरला लावलेला मी पाहिलाय. तो मी तिथल्या तिथे काढून घेतला आणि नवा माझ्या पैशाने लावला.

ब्रेकच्या बाबतीत आम्ही स्वस्ताच्या मागे जात नाही. पर्यायी पॅड ठेवतो, पण ज्यांच्या पाठीवर घर्षणाची अक्षरं छापलेली आहेत तेच. पहिलं अक्षर थंड असतानाचं, दुसरं तापल्यावरचं. जीजीपेक्षा एचएच जास्त पकडतं. अक्षरंच नसतील तर तो माल कितीही कमी दरात मिळो, आम्ही परत पाठवतो. यावरून भावाचं आणि माझं एकदा चांगलंच वाजलं होतं. धंदा मंदावला होता आणि समोरून फार स्वस्त माल येत होता. शेवटी त्यानेच ती पेटी उचलून परत नेली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पर्यायी माल आणि बनावट माल या दोन टोकाच्या गोष्टी आहेत. पर्यायी भाग बनवणारा कारखाना आपलं नाव अभिमानाने छापतो. बनावट माल दुसऱ्याचं नाव चोरतो. एकदा आमच्याकडेही नामवंत कंपनीच्या डबीत बनावट प्लग आले. छपाई किंचित फिकट होती, आणि आटे बोटाला खरखरीत लागत होते. त्या दिवसापासून प्रत्येक खेपेतला एक नग आम्ही जुन्या, खात्रीच्या नगाशेजारी ठेवून, मोजून, वजन करून बघतो. वेळ जातो, जाऊ दे.

हेडलाइटच्या बल्बवरून एक मुलगा खूप नाराज होऊन गेला होता. त्याला जास्त उजेड हवा होता म्हणून एच४ मागत होता. त्याच्या गाडीला एचएस१ होता. दोन्ही दिसायला सारखे, पण एचएस१ ३५ वॅटचा आणि एच४ ६०/५५ वॅटचा. तारा आणि होल्डर तेवढ्या भारासाठी बनलेलेच नसतात. आम्ही नाही म्हणालो. काही महिन्यांनी तो वितळलेला होल्डर घेऊन आला. आम्ही त्याला काही ऐकवलं नाही, योग्य होल्डर शोधून दिला. आता तो आमच्याकडेच काम करतो, आणि वायरिंगचं सगळं तोच पाहतो.

आज आम्ही पाच जण आहोत. वहीची यादी संगणकात गेली, पण नियम तेच राहिले. प्रत्येक पुडीवर माप, अक्षरं आणि बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. कंपनीचा भाग कुठला आणि पर्यायी कुठला हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं जातं. जिथे पर्याय आम्ही स्वतः पारखलेला नाही तिथे यादीत 'नाही' असा शेरा आहे, आणि तो शेरा बघून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी आम्हाला मान्य आहे.

सध्या इंधनाच्या पंपांवर काम चाललंय. टाकीतला पंप बिघडला की बहुतेक वेळा सगळा जोडच बदलायला सांगतात, आणि तो फार महाग पडतो. खरं तर आतली छोटी नळकांडी मोटर तेवढी गेलेली असते. तिचा व्यास, लांबी, जोडणीची पिन आणि दाब हे सगळं जुळलं तर तेवढीच बदलता येते. दाब मोजायचं घड्याळ आम्ही याचसाठी घेतलं. आतापर्यंत चार मॉडेलांचे पर्याय आम्हाला पटलेत, दोन आम्ही नाकारलेत.

आणि निळ्या वहीतलं शेवटचं पान अजून भरायचंय. त्यावर पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांच्या सीलचं माप आहे, ३७ × ५० × ११. समोर भावाच्या अक्षरात लिहिलंय, "माप जुळतं, पावसाळा काढल्यावर सांगू." ते सील सध्या माझ्याच गाडीत आहे. रोज सकाळी निघण्याआधी फोर्कच्या नळीवरून बोट फिरवतो. काल संध्याकाळपर्यंत बोट कोरडं होतं.