वाल सोलताना

मागच्या ऑगस्टमध्ये मुलाच्या क्लासमधून मेसेज आला, सलग 9 दिवस गैरहजर. रोज ऐरोलीहून ट्रेन पकडून तो ठाण्याला जात होता. पाठीला सॅक, खिशात पास, सगळं नेहमीसारखं. फक्त क्लासला न जाता मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसत होता. त्याच संध्याकाळी मी त्याला फैलावर घेतलं. घरात त्याची मावशी आणि मावसबहीण आलेल्या होत्या, त्यांच्या देखत. तो एक अक्षर बोलला नाही. गॅलरीत जाऊन उभा राहिला, जेवायलाही आला नाही.

पुढचा दीड महिना माझ्या वाट्याला "हं", "ठीक" आणि "जेवलो" एवढंच आलं. वय वर्षं 17, बारावीचं वर्ष, आणि घरात ही शांतता. मला काही सुचत नव्हतं. महाप्याहून घरी आलो की बूट काढता काढता मी विचारायचो, आज काय झालं, टेस्ट कधी आहे, पोर्शन कुठवर आला. मला वाटायचं मी त्याच्याशी बोलतोय. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनेच फोनवर सांगितलं, "बाबा, तू विचारतोस तेव्हा तुला कुठलं उत्तर हवंय ते आधीच कळतं. मग तो कशाला बोलेल?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिला पहाटे पाचला उठून डबे करायचे असतात, ती दहालाच झोपते. एकदा मोड आलेले कडवे वाल सोलायचे राहून गेले होते. मी पातेलं घेऊन टेबलाशी बसलो. वाल कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की साल सुटतं. मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबला की डाळिंबी बाहेर सटकते. जोर जास्त झाला तर तिच्या दोन फाकी होतात. तो पाणी प्यायला आला, जरा वेळ बघत उभा राहिला आणि समोर बसून सोलायला लागला. मी काही विचारलं नाही. दोघांच्याही नजरा ताटात.

अर्धं पातेलं झालं असेल. तो म्हणाला, "तिथे एका वर्गात शंभरावर मुलं आहेत. मी शंका विचारली की सगळे वळून बघतात." माझ्या तोंडाशी तीन सल्ले आले होते. मी पुढचा दाणा उचलला. मग तोच म्हणाला, "तलावावर बरं वाटायचं. तिथे कुणी काही विचारत नाही."

साडेअकरा वाजले होते. नंतर आमच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंनी समजावलं की या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. झोप 8 ते 10 तासांची हवी, पण डोळे मिटतात उशिरा. मी मात्र संध्याकाळी सातला त्याच्याकडून गप्पांची अपेक्षा करायचो आणि रात्री दहाला "झोप आता" म्हणून ओरडायचो, नेमका तो मोकळा व्हायच्या वेळेला. आता आठवड्यातून दोन-तीन रात्री मी जागतो.

बाईंनी आणखी एक बजावलं. मूल खाणंपिणं सोडू लागलं, मित्र तोडू लागलं, जगणं नको असं बोलू लागलं तर वाट बघायची नाही, लगेच मदत घ्यायची. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्रिजवर लावलाय. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. मुलांना दिसेल असाच लावलाय.

क्लास सोडला. आता ऐरोलीतच 15 जणांच्या बॅचला जातो. मार्कांचं अजून काही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली होती. दिवाळीत मावशी आली तेव्हा तिच्या समोरच मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी चारचौघांत तुला बोललो, ते चुकलं माझं." त्याचे कान लाल झाले. "असू दे ना बाबा," म्हणाला आणि ताटातली चकली उचलून माझ्या हातात दिली.

काल रात्री अकराला तो बाहेर आला. "वाल भिजवलेत का?" भिजवले नव्हते. मग आम्ही लसूण सोलत बसलो.