छत बदलायचे ८७ कोटी डॉलर

माँट्रियलची मेट्रो रबरी टायरांवर धावते, त्यामुळे लोकलच्या खडखडाटाची सवय असलेल्याला ती चालू आहे की थांबली हेच कळत नाही. "मामा, 'पाय-नाइन' म्हणू नकोस हं, हसतील लोक," भाचीनं घरातूनच बजावलं होतं. स्थानकाचं नाव 'पी-नफ', नवव्या पायस पोपवरून. १९७६ च्या जूनमध्ये, ऑलिंपिक सहा आठवड्यांवर आलेलं असताना, मेट्रो इथवर पोचली.

जिना चढून वर आलो आणि समोर ऑलिंपिक स्टेडियमचा तो मनोरा. १६५ मीटर उंच, ४५ अंशात वाकलेला, खाली स्टेडियमची प्रचंड वाटी. ही म्हणाली, "पडत कसा नाही हो?" मी बांधकाम खात्यातला माणूस, त्यामुळे घरच्यांना असल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडूनच हवी असतात. पाया खोल आणि जड, एवढं सांगून सुटलो. माझं लक्ष फासळ्यांकडे होतं.

स्टेडियमभोवती काँक्रीटच्या अवाढव्य फासळ्या उभ्या आहेत. प्रत्येक फासळी आधी ओतलेल्या तुकड्यांची, तुकडे एकमेकांना जोडून आतून पोलादी तारांनी ताणलेले. रोजे ताईबेर या फ्रेंच वास्तुविशारदाचं हे डिझाइन. देखणं आहे, प्रश्नच नाही. पण आराखडा लंबवर्तुळाकार, म्हणजे फासळीगणिक माप बदलणार. काँक्रीटचं काम स्वस्त कधी पडतं, तर एकच साचा पुन्हा पुन्हा वापरता आला तर. इथं तो मार्गच बंद. त्यात कॅनडाचा हिवाळा आणि भरीला कामगारांचे संप. आमच्या खात्यात अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. मुदतवाढ मिळते, 'सुप्रमा' येते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि गाडी पुढे सरकते. पण १७ जुलै १९७६ ला राणी एलिझाबेथ उद्घाटनाला येणार होती. मुदतवाढ कुणाकडे मागणार? तारीख दगडावरची रेघ असली की ठेकेदार, पुरवठादार, क्रेनवाला, सगळे आपापला दर सांगतात आणि तो निमूट द्यावा लागतो. नोव्हेंबर १९७५ मध्ये क्वेबेकच्या प्रांतिक सरकारनं काम महापालिकेच्या हातून काढून घेतलं. तरी उद्घाटनाच्या दिवशी मनोरा अर्धाच होता आणि छताचा पत्ता नव्हता. मनोरा पुरा झाला १९८७ मध्ये. खेळ आटोपल्यावर अकरा वर्षांनी!

तेव्हाचे महापौर जाँ द्रापो. मेट्रो आणली ती यांनीच, १९६७ चं जागतिक प्रदर्शनही यांच्याच कारकिर्दीत झालं. त्यामुळे लोकांचा विश्वास होता. १९७३ मध्ये त्यांनी ऑलिंपिकचा खर्च सांगितला ३१ कोटी डॉलर, तोही नाणी, तिकिटं, लॉटरी यांतून परस्पर निघेल असा. वर म्हणाले, पुरुषाला मूल होणं जेवढं अशक्य, तेवढंच ऑलिंपिकला तोटा होणं. शेवटी आकडा दीडशे कोटींच्या पार गेला. माँट्रियलच्या 'गॅझेट'मधल्या एस्लिन या व्यंगचित्रकारानं मग महापौरांना गरोदर दाखवलं, हातात फोन, पलीकडे मॉर्गेनटेलर. हे गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारे तिथले प्रसिद्ध डॉक्टर. भाचीच्या नवऱ्यानं ते चित्र फोनवर दाखवलं तेव्हा मी फुटपाथवर उभा राहून इतका हसलो की एक बाई कुत्र्यासह वळसा घालून गेली.

कर्ज फेडायला तंबाखूवर खास कर बसला, तो १९७६ पासून. फिटलं २००६ च्या अखेरीस. म्हणजे ज्याचा जन्मही ऑलिंपिकनंतरचा, त्यानंही सिगारेट पेटवली की त्या फासळ्यांचा हप्ता भरला.

आत जाता आलं नाही. छत उतरवायचं काम चालू होतं, मनोऱ्यावर जाणारी फ्युनिक्युलरही, म्हणजे चढावर तारेनं ओढली जाणारी गाडी, बंद. या छताची कहाणी मात्र ऐकण्यासारखी आहे. मूळ कल्पना अशी की छत म्हणजे केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचं कापड. मनोऱ्यावरून तारांनी वर ओढायचं, छत्रीसारखं मिटायचं आणि पुन्हा उघडायचं. ते बसलं एकदाचं १९८७ मध्ये, आणि वाऱ्यानं फाटत राहिलं. १९९१ मध्ये पंचावन्न टनांची एक तुळई खाली आली. सुदैवानं कुणी सापडलं नाही. १९९८ मध्ये न उघडणारं नवं छत घातलं. दुसऱ्याच जानेवारीत मोटारींच्या प्रदर्शनाची मांडामांड चालू असताना बर्फाच्या भारानं तेही फाटलं. पुढे ठिगळं लावता लावता फाटक्या जागा वीस हजारांवर गेल्या आणि नियम झाला की तीन सेंटिमीटरहून जास्त बर्फाचा अंदाज असेल तर आत कार्यक्रम घ्यायचा नाही. हे माँट्रियलमध्ये! जिथं नोव्हेंबर ते मार्च दुसरं काही पडतच नाही.

२०२४ मध्ये सरकारनं नव्या, पक्क्या छतासाठी ८७ कोटी डॉलर जाहीर केले. मी लगेच म्हणालो, मग पाडून का टाकत नाहीत? जावई हसला. "मामा, पाडायला दोनशे कोटी लागतील असं मंत्रीच म्हणाल्या." पटलं मला ते. ताणलेल्या काँक्रीटला सुरुंग लावून चालत नाही, तारांतला ताण एकदम सुटला तर तुकडे कुठवर उडतील ते सांगता यायचं नाही, आणि शेजारून मेट्रो जाते. एकेक तुकडा कापून उतरवायचा. तेव्हा आहे ते सांभाळणंच स्वस्त. पांढरा हत्ती म्हणतात, पण हत्ती निदान कधीतरी मरतो.

शेजारी, जिथं सायकलशर्यती झाल्या, ती इमारत मात्र कामी आली आहे. १९९२ पासून तिथं 'बायोडोम' आहे. शर्यतीचा लाकडी ट्रॅक गेला, जागी एकाशेजारी एक जंगलं आली. पहिल्या दालनात उष्ण कटिबंधाचं, चष्म्यावर वाफ धरेल इतकं दमट, आणि शेवटी पेंग्विन. काचेपाशी अर्धा तास काढला असेल. एक पेंग्विन खडकाच्या कडेशी येई, खाली पाण्यात बघे, मागे फिरे. पुन्हा येई. मागच्यानं ढकललं तेव्हा गेला. वर मान केली तर छताच्या त्याच कमानी, आणि मधून येणारा उजेड. नातीला कमानींशी काही देणंघेणं नव्हतं, मलाही थोडा वेळ नव्हतं.

बाहेर बाकावर एक आजोबा बसलेले, डोक्यावर 'एक्स्पोज'ची टोपी. हा इथला बेसबॉल संघ, १९७७ पासून याच स्टेडियममध्ये खेळायचा, २००४ नंतर वॉशिंग्टनला गेला. भाचीनं फ्रेंचमध्ये कर, कर्ज, छत असं काहीबाही विचारलं. त्यांनी हातानंच उडवून लावलं. पैशाचं दुःख नाही, म्हणाले, संघ गेला त्याचं आहे. रुमानियाच्या नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये दहापैकी दहा मिळाले ते आठवतं का, असंही मी विचारायला लावलं. ते म्हणाले, ते इथं नव्हेच, 'फोरम' या शहरातल्या दुसऱ्या बंदिस्त स्टेडियममध्ये. बरोबर होतं त्यांचं. फलकावर १.०० आलं, कारण त्यात दहा दाखवायची सोयच नव्हती. आपल्याकडच्यांना १९७६ आठवतं ते हॉकीमुळे. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम गवत अंथरलं होतं आणि आपण सातवे आलो. श्रीराम सिंग ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत सातवा आला, त्याचं नाव मात्र फारसं कुणी काढत नाही.

माँट्रियल शहाणं झालं म्हणायचं. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने इथंही व्हायचे होते. क्वेबेक सरकारनं खर्च पाहून हात काढून घेतला आणि २०२१ मध्ये शहर बाहेर पडलं. टोरोंटो राहिलं.

दोन दिवसांनी आम्ही आगगाडीनं टोरोंटोलाच गेलो. तळ्याकाठचं तिथलं स्टेडियम आटोपशीर आहे. विश्वचषकासाठी सतरा हजार तात्पुरत्या खुर्च्या बसवायच्या आणि सामने झाले की काढून न्यायच्या, असा बेत. मला तो मनापासून आवडला. नट-बोल्टवर उभं राहतं ते उतरवताही येतं. जावयाला तसं सांगितलं, तर त्यानं २०१८ चा अंदाज काढून दाखवला, तीन ते साडेचार कोटी डॉलर. २०२४ चा, ३८ कोटी. सामने किती? सहा. मी कागद घेतला. सामन्यामागे सहा कोटी तेहतीस लाख, आणि यात नवं स्टेडियम एकही नाही. पोलीस, वाहतूक, सुरक्षा, सरावाची मैदानं, फिफाच्या अटी. जावई म्हणाला, "आणि मामा, अजून पहिला सामनाही झालेला नाही."